रेवसची लाकडी लाँच मोडीत निघण्याआधी

कनकेश्वर

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबाग तालुक्यातल्या रेवसला आणि उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाकडी लाँची एकेक करून कमी होत चालल्या आहेत. लाँच थकली की तिला किनाऱ्याला ओढतात, इंजीन काढून विकतात, लोखंड-पितळ भंगारात जातं आणि लाकूड ज्याला हवं तो घेऊन जातो. महिन्याभरात तिथे काही उभं होतं याची खूणही उरत नाही. ज्या लाँचींनी पिढ्यान्‌पिढ्या अख्खा अलिबाग तालुका मुंबईशी बांधून ठेवला, त्यांतल्या एकीचीही कुठे नोंद, नकाशा किंवा मापं ठेवलेली माझ्या पाहण्यात नाहीत. म्हणून हा धागा. ज्याला जे ठाऊक असेल ते इथे लिहावं, आणि निदान एका लाँचीची नीट नोंद कशी करता येईल तेही बोलावं.

मला ठाऊक असलेलं आधी लिहितो.

मुंबई आणि अलिबागचा किनारा समोरासमोर आहेत, मध्ये बंदराचं तोंड. पण रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ असा मोठा वळसा. त्यामुळे ही वाट पहिल्यापासून पाण्याचीच. शिडाचे मचवे आणि पडाव भात, मीठ, भाजी, कोंबड्या आणि माणसं एकत्रच आणत. वारा पडला की सगळे पाण्यावर अडकून. १८४५ साली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी सुरू झाली. पुढे तिचा कारभार किलिक निक्सनकडे होता. वाफेच्या बोटी आल्या तरी चढ-उतार चिखलातूनच व्हायची. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजे ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला तेव्हा प्रवाशांचे पाय कोरडे राहू लागले. सरकारदरबारी त्याचं नाव फेरी व्हार्फ. पण आजही टॅक्सीवाल्याला भाऊचा धक्काच सांगावं लागतं.

१९०६ मध्ये स्वदेशीच्या लाटेत आपल्या लोकांनी भागभांडवल गोळा करून इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी काढली. कोकणात तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परक्या कंपनीच्या बोटीत बसायचं नाही, आपल्या बोटीत बसायचं, असा बाणा होता. त्यांच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावं होती.

या आगबोटी लोखंडाच्या. त्या गेल्या तरी रेवसची वाट बंद पडली नाही, कारण तोवर आपल्याच किनाऱ्यावरच्या सुतारांनी बांधलेल्या, डिझेल इंजिनाच्या लाकडी लाँची आल्या होत्या. मला बोलायचंय ते यांच्याबद्दल. तळ आणि अंग सागाचं, वर फळ्यांचं छप्पर, दोन्ही बाजूंना लांबलचक बाकं आणि उघड्या खिडक्यांवर गुंडाळलेली ताडपत्री. पाऊस आला की खलाशी धावत येऊन ताडपत्र्या सोडतो आणि आत एकदम अंधार होतो. तांडेल वर चाकाशी असतो आणि इंजिनावरचा माणूस खाली धुरात, त्याला समुद्र दिसत नाही. दोघांमधला दुवा म्हणजे एक दोरी आणि एक घंटी. धक्क्याला लागताना ही घंटी ऐकावी. पुढे, थांब, मागे, पुन्हा थांब, सगळं त्या टणत्कारावर चालतं. खालचा माणूस कानांनी लाँच धक्क्याला लावतो. टायरांना लाकूड घासतं, दोर फेकला जातो, आणि दोर बांधून व्हायच्या आत माणसं उड्या मारून उतरलेली असतात.

रेवसला निघालं की डावीकडे जवाहर द्वीप, त्याच्यामागे घारापुरी, मग करंजाचा द्रोणागिरी, आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा कनकेश्वरचा डोंगर. माझं सदस्यनाव तिथूनच घेतलंय.

---

उरणवाली

कनकेश्वर, फार छान सुरुवात. मी मोऱ्याची बाजू लिहिते.

आमच्याकडे लाँचचं वेळापत्रक भिंतीवर लावतात, पण खरं वेळापत्रक पंचांगातलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, तशीच ओहोटीही पार खाली जाते. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ इतका साचलाय की त्या ओहोटीला लाँच लागतच नाही. मग काही तास सेवा बंद. नोकरदार माणसं तिथी बघून घरून निघत. माझ्या आईला तिथी कुठल्याही भटजीपेक्षा चोख ठाऊक असायची, कारण तिला पहाटेची लाँच गाठायची असे.

कोळणींशिवाय या लाँचीचं वर्णन पुरं होणार नाही. पहाटेच्या पहिल्या फेरीला रिकाम्या पाट्या घेऊन धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या, आणि सुकी मासळी, भाजी घेऊन मुंबईला विकायला जाणाऱ्या. लाँचीचा मागचा भाग त्यांचाच. तिथे बसायचं धाडस शाळकरी मुलंसुद्धा करत नसत. पण एखादी गरोदर बाई चढली की तिला हवेशीर जागा त्याच करून देत, आणि मळमळायला लागलं तर कुणाच्या तरी बटव्यातून आल्याचा तुकडा बाहेर येई.

२०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. लोकल आली याचा मला मनापासून आनंद आहे, पावसाळ्यात रात्रीबेरात्री आजारी माणसाला मुंबईला न्यायचं म्हणजे काय असतं ते आम्ही भोगलंय. पण मोऱ्याच्या लाँचला आता पूर्वीची गर्दी दिसत नाही. गर्दी नाही तर डागडुजीला पैसा नाही, आणि डागडुजी थांबली की लाकडी बोट फार दिवस काढत नाही.

अवांतर: अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. ज्याच्याकडे फक्त मोटारसायकल आहे त्याच्यासाठी लाँच अजूनही सोयीची आहे. फळी टाकून गाडी आत ढकलायची, खलाशी हँडल धरतो. हे चित्र आजही दिसतं.

---

बंदररोड

विषय चांगला आहे, पण मला दुसरी बाजू मांडायचीय. लाकडी लाँचींबद्दल आपण जितकं हळवं होऊन बोलतो तितकं त्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोलत नाही. माझ्या घरातली माणसं रोज त्या लाँचने गेली आहेत. सणासुदीला किती माणसं भरतात ते सगळ्यांनी पाहिलंय. गणपतीच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि लाइफ जॅकेटं छपराला अशी बांधून ठेवलेली की वेळ आली तर सुटायचीच नाहीत.

रामदास विसरलात का? १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. सकाळी आठला धक्का सोडला, काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेहून जास्त माणसं गेली. दुपारपर्यंत मुंबईत कुणाला पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. आणि अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. लाइफ जॅकेटची सक्ती खऱ्या अर्थाने व्हायला हे घडावं लागलं.

लाकूड जाऊन फायबर आणि स्टील आलं तर मला वाईट वाटणार नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो जाते, गाड्या पोटात घेऊन. ती ग्रीसमध्ये बांधलेली आहे, वातानुकूलित आहे, आणि तिच्यात माझ्या वडिलांना चाकाच्या खुर्चीवरून नेता येतं. जुन्या लाँचीत त्यांना उचलून घ्यावं लागायचं.

---

कनकेश्वर

बंदररोड, तुमच्या वडिलांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. जुन्या लाँची चालूच राहाव्यात असं माझं म्हणणंच नाही. त्या जाणार. जाण्याआधी त्यांची ओळख जपावी, एवढीच धडपड आहे.

पण रामदासबद्दल लिहायलाच हवं, कारण ती घटना लाकडी बोटींच्या माथी मारली जाताना मी वारंवार पाहिलीय. रामदास लोखंडी होती. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली. त्या काळच्या उत्तम गोद्यांपैकी ती एक. बुडाली तेव्हा तिला जेमतेम अकरा वर्षं झाली होती. भर पावसाळ्यात, तुडुंब भरलेली, मोठ्या लाटेने एका बाजूला कलली, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला धावली आणि ती उलटली. धातू तिला वाचवू शकला नाही. आणि पाण्यात पडलेल्यांपैकी जे वाचले त्यांतल्या कितीतरी जणांना वर कुणी घेतलं? मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसकडच्या कोळ्यांनी, आपल्या लाकडी होड्यांत. जाळ्यातली मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसं भरली असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. त्या होड्यांबद्दल आदराने बोलायला मला एवढं कारण पुरतं.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असते. भाऊचा धक्का-रेवस चालू असते, याच लाँचींवर. आषाढातल्या त्या पाण्यात वर्षानुवर्षं चालणाऱ्या बोटी कुणी, कशा बांधल्या हे जाणून घ्यावंसं वाटतं की नाही?

---

मेस्त्रीचा नातू

बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं. आमच्या घरात होड्या बांधायचं काम होतं. आजोबांनी मासेमारीच्या होड्या बांधल्या, लाँचीही बांधल्या. मी शाळेच्या सुट्टीत हातोडा आणून दे, पाणी आणून दे, एवढंच केलं, पण डोळ्यांनी पाहिलेलं विसरलेलो नाही.

कागदावर नकाशा नसायचा. मालक यायचा आणि एवढी लांब, एवढी रुंद, एवढी माणसं बसतील अशी पाहिजे म्हणायचा. आजोबा वाळूत काठीने रेघा ओढून त्याला दाखवायचे. मग पहिलं काम पठाणाचं. पठाण म्हणजे तळाचा सर्वांत मोठा, सरळ लाकडाचा सोट, ज्यावर सगळी होडी उभी राहते. तो बसवायच्या दिवशी नारळ, हळद-कुंकू, सगळ्यांना गूळ-खोबरं. पठाण बसला की पुढे नाळ, म्हणजे पुढच्या टोकाचा खांब, उभी करायची, मागचा खांब उभा करायचा, आणि दोन्हींमध्ये सुतळी ताणायची. ती सुतळी म्हणजे आजोबांचा नकाशा. तिच्याकडे एक डोळा मिटून बघत ते फळीला बाक द्यायचे.

फळ्या सागाच्या. आतल्या वाकांना, म्हणजे बोटीच्या बरगड्यांना, बाभूळ. सरळ लाकूड कापून वाक केला तर रेषा तुटतात आणि तो पहिल्या मोठ्या लाटेला मोडतो. म्हणून जिथे फांदी आपसूकच वळलेली आहे असं झाड शोधायचं. बाभळीकडे बघत हिंडताना आजोबा झाड बघतच नसत, त्यात दडलेला वाक बघत. ‘हा डाव्या बाजूचा, पुढून चौथा’ असं झाड उभं असतानाच सांगायचे.

फळीला बाक द्यायला खालून विस्तव, वरून पाणी. एका टोकाला दगड बांधायचे आणि थांबायचं. घाई केली तर फळी तडकायची आणि एक चांगलं लाकूड वाया जायचं.

आता ज्यावर बोटीचा जीव असतो ते काम, फटी भरण्याचं. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचं पिळलेलं सूत छिन्नीने ठोकून बसवायचं. फार सैल असेल तर पाणी येतं. फार घट्ट असेल तर लाकूड फुगल्यावर फळी खिळ्यांवरून उचलली जाते. किती ठोकायचं ते आवाजावरून कळतं. सुरुवातीला बद्द आवाज येतो, सूत नीट बसलं की टणक येतो. आजोबांना शेवटी कमी दिसायचं, तरी कुणी लांब बसून ठोकत असेल तर इथूनच ओरडायचे, ‘तिथं परत मार!’ सुतावर राळ आणि तेल कढवून लावायचं. आणि पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून फळी पोकळ झालेली असते. हा लेप चुकवला की बोट गेलीच.

म्हणून लाँच दरवर्षी वर काढावीच लागते. उधाणाच्या भरतीला किनाऱ्यात आणायची, पाणी उतरलं की ती उघडी पडते, मग खरवडणं, जुनं सूत काढणं, नवीन भरणं, लेप. पुढच्या उधाणाला पुन्हा पाण्यात. मधल्या पंधरवड्यात काम उरकायचं. उरकलं नाही तर त्यापुढच्या उधाणापर्यंत मालकाचा धंदा बसला.

आज असं सूत भरणारे आमच्या भागात अगदी थोडे राहिलेत. मुलं फायबरच्या कामाला गेली. तिथे साचा असतो, पगार असतो, हात भाजत नाहीत. त्यांना दोष देणार नाही, मीही कंपनीत नोकरी करतो.

---

उरणवाली

मेस्त्रीचा नातू, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. स्वतंत्र लेख लिहा ना, कृपया.

---

देवगडकर

आमच्या बाजूला लाँच कमी आणि पडाव जास्त. मुंबई-गोवा बोट रात्री-अपरात्री बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची, कारण बहुतेक बंदरांत तिला आत यायला पाणीच नव्हतं. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, सगळीकडे हीच तऱ्हा. किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या न्यायला लाकडी पडाव. बोटीच्या अंगाला लागल्यावर पडाव वरखाली होत असतो, आणि वर आला की नेमक्या त्या क्षणाला शिडीवर पाय टाकायचा. म्हाताऱ्यांना खलाशी बखोटीला धरून वर द्यायचे, तान्ही पोरं हातोहात जायची.

चंद्रावती, रोहिणी, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं आजही आमच्याकडे घरातल्या माणसांसारखी घेतात. पण त्या पडावांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बोट बंद झाली तसे पडाव वाळूत पडून कुजले. आगबोटींचे फोटो पुष्कळ सापडतात. पडावाचा फोटो माझ्याकडे एकच आहे, आणि त्यातही तो कोपऱ्यात अर्धाच आलाय.

---

मांडवीकाठ

गोव्यातलं थोडं. पोर्तुगीज काळापासून पणजी-बेती पाण्यावर माणसं नेणारी छोटी लाकडी लाँच होती, तिला आम्ही गॅसोलिना म्हणायचो. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला आणि सगळ्यांना वाटलं, आता पाण्याची वाट संपली. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. पुढची कित्येक वर्षं, नवीन पूल होईपर्यंत, बार्देशातून पणजीला येणारा माणूस पुन्हा फेरीच्या रांगेत. त्या काळात मी कॉलेजात होतो. पाण्यावरचं वाहन आणि ते चालवणारी माणसं एकदा मोडीत काढली की गरज पडेल तेव्हा एका दिवसात परत उभी करता येत नाहीत, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे फेरीबोटी आणि त्यांची माणसं शिल्लक होती म्हणून निभावलं.

रेवस-करंजा पुलाचं काम सुरू आहे. तो झाल्यावर रेवसच्या धक्क्याचं काय होणार हे कुणी विचारतंय का?

---

सिअॅटलकर

मी मूळचा पोयनाडचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात. इथे प्युजेट साउंडवर फेरी हा रोजच्या जगण्याचा भाग आहे, आणि इथल्या लाकडी फेऱ्यांचं काय झालं ते या धाग्याला उपयोगी पडेल असं वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत १९२०च्या दशकात मोठमोठ्या लाकडी फेऱ्या बांधल्या गेल्या, गाड्या आणि माणसं दोन्ही नेणाऱ्या. १९३६-३७ मध्ये तिथले दोन प्रचंड पूल झाले, बे ब्रिज आणि गोल्डन गेट, आणि फेऱ्या बेकार झाल्या. त्यांतल्या काही उत्तरेला इथे प्युजेट साउंडला आणल्या. ‘गोल्डन पॉपी’ नावाची एक फेरी होती, १९२७ साली बांधलेली. इथे तिचं नाव ‘चेत्झेमोका’ ठेवलं, इथल्या एका आदिवासी सरदाराच्या नावावरून. निवृत्त झाल्यावर १९७७ मध्ये तिला पुन्हा कॅलिफोर्नियाला न्यायचं ठरलं. टगने ओढत नेताना खुल्या समुद्रात तिच्यात पाणी शिरलं आणि ती वॉशिंग्टनच्या किनाऱ्याबाहेर बुडाली. आयुष्यभर शांत खाडीत चाललेली बोट, पॅसिफिकच्या लाटांसाठी ती बांधलेलीच नव्हती.

तिच्याच जातीची ‘केहलोकेन’ १९७९ मध्ये आगीत जळाली. तिचा सांगाडा पुढे मुद्दाम बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक केला. ‘व्हॅशॉन’ ही १९३० ची, इथल्याच गोदीतली. १९८० पर्यंत चालली. तिचं ऐतिहासिक मोल सरकारी यादीतही नोंदलं गेलं होतं. तरी मालक बदलत ती अलास्काला पोचली आणि १९८६ मध्ये तिथल्या किनाऱ्याला लागून संपली. ‘स्कॅन्सोनिया’ मात्र आहे, १९२९ ची. सिअॅटलच्या लेक युनियनवर बांधून ठेवलीय, तिच्यावर लग्नं होतात. गोड्या पाण्यात असल्याने खाऱ्या पाण्यातला किडा तिला लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

नुसतं यादीत नाव घातल्याने लाकडी बोट वाचत नाही, हे इथे पैसा असूनही दिसलं. कॅलिफोर्नियात ‘वापामा’ नावाचं १९१५ चं लाकडी जहाज होतं, राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळालेलं. ते इतकं कुजलं की २०१३ मध्ये मोडावंच लागलं. पण मोडण्याआधी त्याची मापं घेतलेली होती, रेखाचित्रं काढलेली होती. आज कुणाला ते कसं बांधलं होतं ते बघायचं असेल तर बघता येतं. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं.

---

बंदररोड

सिअॅटलकर, तुमच्या प्रतिसादाने माझं काम सोपं केलं. अख्खी लाँच जपायची म्हटलं तर पैसा कोण देणार, दरवर्षी वर कोण काढणार, सूत भरायला माणूस कुठून आणणार? संग्रहालयाच्या आवारात उन्हात ठेवली तर दोन उन्हाळ्यांत फळ्या सुकून उघडतील. लाकडी बोट पाण्याबाहेर जास्त लवकर मरते. त्यामुळे लाँच वाचवा अशी मोहीम काढणार असाल तर मी त्यात नाही. मापं घेण्याचं काम असेल तर मी येतो. मी सर्व्हेच्या कामात आहे, माझ्याकडे साधनं आहेत.

---

जहाजी अभियंता

बंदररोड यांच्याशी सहमत. जहाजबांधणी शिकलोय, म्हणून मापं कशी घेतात ते लिहितो. महागडं काही लागत नाही.

लाँच वर काढलेली असतानाच काम करायचं. ती कधीच सरळ उभी नसते, चिखलात एका अंगाला कललेली असते. म्हणून तिच्या शेजारी जमिनीवर पठाणाला समांतर एक दोरी ताणायची आणि ती गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळीत आणायची. ही आपली पायारेषा. तिच्यावर दर अर्ध्या मीटरला खूण. प्रत्येक खुणेवर सरळ काठी उभी करायची, ओळंब्याने तपासायची, आणि काठीवर दर पंचवीस सेंटीमीटरला तिथून लाँचीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. एवढे आकडे वहीत उतरले की घरी बसून तिचा आकार पुन्हा काढता येतो. एकच बाजू मोजून दुसरी तशीच धरायची चूक करू नये. डोळ्यांनी बांधलेल्या बोटीच्या दोन बाजूंत फरक असतो, आणि तो फरकही नोंदायचा.

सोबत मोबाइलवर फोटो. लाँचीभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे शेकड्यांनी काढायचे. त्यातून संगणकावर त्रिमितीय आकृती तयार होते. तरी हाताची मापं हवीतच, फोटोंना मोजपट्टी लागते.

आणि आवाजही टिपा. इंजिनाचा, घंटीचा, आणि मेस्त्रीचा नातू यांनी लिहिलेला तो सूत ठोकण्याचा. कुठल्या आवाजाला काम बरोबर झालं, हे रेखाचित्रात येत नाही.

---

कनकेश्वर

आता हा धागा हवा तिथे पोचला. एका लाँचीच्या मालकांशी बोललोय, नाव इथे देत नाही. त्यांचं म्हणणं असं की लाँच थकलीय, पुढच्या वेळी वर काढली की एकदा डागडुजीचा अंदाज घेणार, परवडलं नाही तर मोडायला देणार. मापं घ्यायला त्यांची हरकत नाही, उलट आश्चर्य वाटलं की कुणाला त्यात रस आहे. तांडेलही बोलायला तयार आहेत. आयुष्य याच पाण्यावर गेलंय त्यांचं. धुक्यात काशाचा खडक कसा ओळखायचा ते त्यांनी मला पाण्याचा रंग आणि लाटेची फूट यांवरून समजावलं. ते सगळं ध्वनिमुद्रित करायचंय.

बंदररोड, जहाजी अभियंता, तुम्ही दोघं व्यक्तिगत निरोप पाठवा. उरणवाली, मोऱ्याच्या कोळणींशी बोलायचं काम तुमच्याकडे द्यावं का?

---

उरणवाली

आनंदाने. माझ्या मावशीच्या वयाच्या दोघी-तिघी अजून आहेत, त्यांना बोलतं करते. भाडं किती होतं, पाट्यांचं वेगळं द्यावं लागायचं का, वादळात काय करायच्या, असे प्रश्न काढून ठेवते. कुणाला सुचले तर इथेच लिहा.

---

मेस्त्रीचा नातू

एक गोष्ट वेळेत सांगतो. बाहेरची मापं कधीही घेता येतील, आतली येणार नाहीत. वाक एकमेकांना कसे जोडलेत, खिळे कुठून मारलेत, पठाणाला नाळ कशी बसवलीय, हे सगळं फळ्यांखाली झाकलेलं असतं. डागडुजीत कुजक्या फळ्या काढल्या की नवीन बसवेपर्यंत ते उघडं राहतं. मोडायला दिली तर त्याहून कमी वेळ, कारण मोडणारे आधी इंजीन काढतात आणि मग कटर लावतात. तेव्हा मालकांशी एवढं ठरवून ठेवा की पहिली फळी निघायच्या आदल्या दिवशी फोन येईल.

दुसरं, जुने मेस्त्री कॅमेऱ्यासमोर प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत. आजोबांनीही दिली नसती. त्यांच्या हातात छिन्नी आणि सूत द्यायचं, एक फट भरायला सांगायची आणि शेजारी बसायचं. काम सुरू झालं की ते आपोआप बोलतात. आमच्या गावात एक जण आहेत, आजोबांच्या हाताखाली शिकलेले. रविवारी जाऊन विचारतो. ते येणार असतील तर राळ आणि सूत मी आणतो, बाकीच्यांनी जुने कपडे घालून या.